छोट्या कॅबिनेटसाठी मदरबोर्ड: आसूस स्ट्रिक्स बी५५०-आय की गिगाबाइट बी५५०आय ऑरस प्रो एएक्स?

मुळाकाठ

नमस्कार. माझा गेमिंगचा संगणक सध्या एका उंच एटीएक्स कॅबिनेटमध्ये आहे. नव्या घरात त्याला जागा उरलेली नाही, म्हणून त्यातले सगळे भाग काढून लहान कॅबिनेटमध्ये बसवायचे ठरवले आहे. कूलर मास्टरचे एनआर२०० हे १८.२५ लिटरचे कॅबिनेट घेऊन झाले आहे. प्रोसेसर रायझन ७ ५७००एक्स३डी, रॅम डीडीआर४ ३६०० च्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०७०, आणि दोन एम.२ एसएसडी, म्हणजे बोर्डावरच्या स्लॉटमध्ये थेट बसणाऱ्या (एक पीसीआयई ४.० वेगाची, एक ३.०), माझ्याकडे आहेत व ते तसेच पुढे वापरायचे आहेत. एसएफएक्स आकाराचा एसएमपीएस मागवला आहे. राहिला तो फक्त मदरबोर्ड, आणि तो मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७० बाय १७० मिलिमीटरचाच हवा.

शोधत शोधत दोन बोर्डांवर येऊन थांबलो आहे. पहिला आसूस आरओजी स्ट्रिक्स बी५५०-आय गेमिंग आणि दुसरा गिगाबाइट बी५५०आय ऑरस प्रो एएक्स. दोन्हींचा चिपसेट (बोर्डावरच्या भागांची वाहतूक सांभाळणारी चिप) एकच, दोन्हींना रॅमचे दोन स्लॉट, दोन एम.२ (एक पुढे, एक बोर्डाच्या पाठीमागे), चार साटा (हार्ड डिस्कच्या जोडण्या), २.५ गिगाबिटचे लॅन आणि इंटेलचे तेच वाय-फाय ६ कार्ड. आसूसच्या खोक्यावर ८+२ फेज लिहिले आहे, तर गिगाबाइटच्या खोक्यावर ६+२. मला मिळालेल्या दरपत्रकांनुसार आसूस साधारण साडेचार हजारांनी महाग पडतो. या जास्तीच्या दोन फेजसाठी एवढा फरक मोजावा का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. त्याखेरीज माझ्या नजरेतून काही सुटत असेल तर तेही कृपया सांगावे.

तांब्याची तार

फेजच्या प्रश्नाचे उत्तर आकडेमोडीतूनच मिळते, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो.

एसएमपीएसकडून येणारा १२ व्होल्टचा पुरवठा प्रोसेसरला लागणाऱ्या सव्वा व्होल्टच्या आसपास उतरवण्याचे काम व्हीआरएम करते आणि ‘फेज’ म्हणजे ते काम वाटून घेणारी एकेक तुकडी. एएम४ सॉकेटवरील (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा) १०५ वॅट गटातल्या प्रोसेसरांना, ज्यात तुमचा ५७००एक्स३डी येतो, एएमडीने घातलेल्या मर्यादा ठरलेल्या आहेत: सॉकेटला मिळणारी एकूण वीज १४२ वॅट, दीर्घकाळ चालणारा प्रवाह ९५ अँपिअर आणि क्षणिक कमाल प्रवाह १४० अँपिअर. गिगाबाइटच्या बोर्डावर मुख्य पुरवठ्याच्या सहाही फेजना प्रत्येकी ९० अँपिअर क्षमतेचे भाग बसवलेले आहेत. कागदावर ती बेरीज ५४० अँपिअर होते. एवढी क्षमता प्रत्यक्षात सतत वापरता येत नाही, कारण उष्णता आड येते; पण ५४० आणि १४० यांमधले अंतर पाहिले तर सहा फेज अपुऱ्या पडतील ही भीती निराधार ठरते.

त्यात तुमचा प्रोसेसर एक्स३डी आहे. त्याचा मल्टिप्लायर कुलूपबंद असतो, त्यामुळे घड्याळ वाढवून जास्त वीज ओढण्याची वाट मुळातच बंद आहे. गेम खेळताना हे प्रोसेसर १४२ वॅटच्या पुष्कळ खाली राहतात. मी अनेक वर्षे बोर्ड दुरुस्तीचे काम करतो आणि दोन बोर्डांची तुलना करताना लोक सर्वांत आधी फेज मोजतात हे सतत पाहतो. फेजची संख्या खोक्यावर छापलेली असते, म्हणून ती डोळ्यांत भरते. प्रत्येक फेजची क्षमता मात्र बारीक अक्षरांत कुठेतरी असते किंवा नसतेच. तुमच्या निर्णयातून हा मुद्दा पूर्णपणे काढून टाका, असे मी आग्रहाने सांगेन.

खाडीकाठ

मी स्ट्रिक्स बी५५०-आय दोन वर्षांहून अधिक काळ वापरत आहे आणि फेजचा प्रश्न बाजूला ठेवूनही त्याची शिफारस करेन. माझे मुख्य कारण कॅबिनेटच्या पुढच्या टाइप-सी पोर्टचे आहे. त्या पोर्टची वायर जोडण्यासाठी बोर्डावर जो खास हेडर (पिनांची जोडणी) लागतो, तो आसूसवर आहे आणि गिगाबाइटच्या या बोर्डावर नाही. गिगाबाइटला टाइप-सी मिळते ती फक्त पाठीमागे. मी फोन, बाहेरची एसएसडी आणि व्हीआर हेडसेट रोज पुढून जोडतो, त्यामुळे ही सोय नसती तर मला दर वेळी संगणक टेबलावर फिरवावा लागला असता. लहान संगणक नजरेसमोर असतो, हाताशी असतो, आणि त्याच्या पुढच्या पोर्टचा वापर मोठ्या कॅबिनेटपेक्षा कितीतरी अधिक होतो.

दुसरे म्हणजे बोर्डाच्या मागच्या पट्टीतील आवरणाखाली व्हीआरएमसाठी एक छोटा फॅन आहे. माझ्या वापरात तो क्वचितच फिरतो.

वाचनमात्र

मायक्रो-एटीएक्स बोर्ड का पाहत नाही? २४४ मिलिमीटरच्या चौकोनात रॅमचे चार स्लॉट मिळतात आणि पैसेही वाचतात. किंवा थेट एएम५ सॉकेटकडे जावे.

मुळाकाठ

वाचनमात्र, सूचनेबद्दल आभार. एनआर२०० मध्ये मिनी-आयटीएक्स आणि त्याहून किंचित लांब असलेला मिनी-डीटीएक्स एवढेच आकार बसतात, त्यामुळे मायक्रो-एटीएक्स शक्य नाही. एएम५ घ्यायचे तर प्रोसेसर, बोर्ड आणि डीडीआर५ रॅम हे तिन्ही नवे घ्यावे लागेल. ५७००एक्स३डी मी अलीकडेच बसवला आहे आणि माझ्या १४४० पिक्सेलच्या पडद्यावर अडथळा येतो तो बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाचाच. तेव्हा या धाग्यापुरते या दोन बोर्डांवरच राहू.

तांब्याची तार, आपल्या आकड्यांनी माझा मुख्य प्रश्नच मिटला. खाडीकाठ यांचा टाइप-सीचा मुद्दा मात्र मला ठाऊक नव्हता आणि तो वाचून मन आसूसकडे झुकू लागले आहे.

विदर्भवासी

मी नागपुरात राहतो. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी कूलर लावलेल्या खोलीतही ३५ च्या खाली फारसे उतरत नाही. संगणकातला प्रत्येक भाग भोवतालच्या हवेपेक्षा अमुक इतके अंश वर राहतो. हवाच दहा अंशांनी तापलेली असेल तर आतले सगळे आकडे जवळपास तेवढ्यानेच वर सरकतात. म्हणून युरोप-अमेरिकेतल्या वातानुकूलित खोलीत घेतलेली मोजमापे वाचताना मी मनातल्या मनात नेहमी दहा-बारा अंश मिळवतो.

या दृष्टीने तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट त्या छोट्या फॅनची. खाडीकाठ यांचा अनुभव खरा आहे याबद्दल मला शंका नाही, पण ज्या खोलीची हवाच तापलेली असते तिथे तो फॅन अधिक वेळ फिरतो आणि आपल्याकडची धूळ अशा लहान फॅनच्या पात्यांवर व धारणीवर लवकर बसते. १२० मिलिमीटरचा फॅन बिघडला तर बाजारात कुठेही मिळतो आणि चार स्क्रू काढून बदलता येतो. बोर्डाच्या आवरणाखाली दडलेला, त्या एकाच बोर्डासाठी बनवलेला फॅन बिघडला तर तो मिळवायचा कुठून? गिगाबाइटच्या बोर्डावर व्हीआरएम थंड ठेवण्याचे काम केवळ धातूच्या हीटसिंकवर सोपवलेले आहे. त्यात हलणारा भागच नाही, आणि तांब्याची तार यांनी दाखवल्याप्रमाणे तुमच्या प्रोसेसरला तेवढे पुरते. मला स्वतःला यात दुसरी मांडणी अधिक भरवशाची वाटते.

दुसरी गोष्ट पाठीमागच्या एम.२ ची, आणि ती दोन्ही बोर्डांना सारखीच लागू आहे. पुढचा एम.२ थेट प्रोसेसरला जोडलेला असतो, तो पीसीआयई ४.० वेगाने चालतो आणि त्याला हीटसिंक मिळतो. मागचा एम.२ चिपसेटमार्फत जोडलेला असतो, तो ३.० वेगाचा असतो, आणि बोर्ड व कॅबिनेटचा पत्रा यांच्या मधल्या फटीत हवा जवळपास खेळतच नाही. त्यामुळे तुमची ४.० ची एसएसडी पुढे आणि ३.० ची मागे, ही वाटणी आपोआप ठरते. मोठमोठे गेम उतरवून घेताना मागची एसएसडी बराच वेळ सलग लिहीत राहते आणि तेव्हाच ती सर्वाधिक तापते. तापमान फार वाढले की ती आपला वेग स्वतःहून कमी करते. मी माझ्या मागच्या एसएसडीवर दीड मिलिमीटरची सपाट ॲल्युमिनियमची पट्टी थर्मल पॅडसह लावली आहे. उभ्या पात्यांचा हीटसिंक तिथे मावत नाही. हे काम बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवण्यापूर्वीच करावे, कारण नंतर त्यासाठी सगळे उघडावे लागते.

तिसरी गोष्ट प्रोसेसरच्या कूलरची. एक्स३डी प्रोसेसरमध्ये जादा कॅश मूळ चिपच्या वर रचलेली असल्यामुळे गाभ्यांची उष्णता वर यायला एक थर अधिक लागतो आणि त्याची कमाल मर्यादा ९० अंशांची आहे. एनआर२०० मध्ये १५५ मिलिमीटर उंचीपर्यंतचा कूलर बसतो, तेव्हा बसक्या कूलरच्या मागे लागू नका. बसका कूलर घ्यायचाच झाला तर आसूसच्या सॉकेटशेजारी एम.२ चा उंच ठोकळा आहे. कूलरचा पसरट भाग त्यावर अडखळणार नाही ना, हे कूलर बनवणाऱ्या कंपनीच्या सुसंगत बोर्डांच्या यादीत आधी पाहून घ्यावे.

मुळाकाठ

विदर्भवासी यांचा प्रतिसाद वाचून मी उठलो आणि कोपऱ्यात ठेवलेल्या कॅबिनेटचे खोके उघडून पुढची बाजू नीट पाहिली. त्यावर दोन साधे यूएसबी-ए पोर्ट आणि हेडसेटची एक जागा आहे. टाइप-सी नाहीच. म्हणजे ज्या हेडरसाठी मी आसूसकडे वळत होतो, त्याला जोडायची वायरच माझ्या कॅबिनेटमध्ये नाही. हे मी खोके उघडून पाहण्याआधी चार दिवस बोर्डांची माहितीपत्रके वाचण्यात घालवले.

खाडीकाठ, तुमचा मुद्दा आपल्या जागी बरोबर आहे, परंतु माझ्या बाबतीत तो लागू होत नाही असे दिसते. माझे काही चुकत असेल तर सांगा.

खाडीकाठ

तुमचे बरोबर आहे. माझ्याकडचे कॅबिनेट वेगळे आहे, आणि मी तुम्हाला तुमच्या कॅबिनेटविषयी विचारायला हवे होते. तरीही एक विचार करून पाहा. बोर्ड चार-पाच वर्षे टिकतो आणि त्या काळात कॅबिनेट बदलले जाऊ शकते. आज बाजारात येणाऱ्या बहुतेक लहान कॅबिनेटांना पुढे टाइप-सी असते. एनआर२००पी च्या पुढच्या आवृत्तीतही तो पोर्ट आला. उद्या असे कॅबिनेट घेतले तर गिगाबाइटच्या बोर्डावर नेहमीच्या यूएसबी ३ हेडरवरून टाइप-सीच्या वायरसाठी अडॅप्टर लावता येतो. त्यातून ५ गिगाबिटचा वेग मिळतो आणि फोन किंवा पेन ड्राइव्हसाठी तो पुरेसा आहे. हा तोडगा साडेचार हजारांपेक्षा फारच स्वस्त पडेल, हेही प्रामाणिकपणे मान्य करतो.

तांब्याची तार

लॅनविषयी कुणी लिहिलेले नाही, म्हणून भर घालतो. आसूसवर इंटेलची आय२२५-व्ही चिप आहे आणि गिगाबाइटवर रिअलटेकची. इंटेलचे नाव मोठे असल्यामुळे लोक डोळे मिटून ती चांगली समजतात, पण या विशिष्ट चिपच्या पहिल्या आवृत्तीत २.५ गिगाबिट वेगाने काही स्विचशी जोडल्यावर वेग घसरण्याची अडचण होती आणि इंटेलने पुढे सुधारित आवृत्ती काढली. हे दोन्ही बोर्ड बी५५० चिपसेटबरोबर २०२० सालीच आलेले असल्यामुळे जुन्या साठ्यातला बोर्ड हाती लागला तर कोणती आवृत्ती निघेल ते खोक्यावरून कळत नाही. घरी एक गिगाबिटचाच राउटर असेल तर दोन्हींपैकी काहीही चालेल.

मागच्या बाजूच्या पडद्याच्या पोर्टबद्दलही गैरसमज नसावा. गिगाबाइटला दोन एचडीएमआय व एक डिस्प्लेपोर्ट आहे, आसूसला दोन्ही एकेक. पण ५७००एक्स३डी मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही, त्यामुळे हे सगळे पोर्ट तुमच्यासाठी निर्जीव आहेत. पडद्याची वायर ग्राफिक्स कार्डालाच लावायची. याउलट कुणी ५६००जी किंवा ५७००जी वापरत असेल तर ते पोर्ट उपयोगी पडतात, मात्र त्या प्रोसेसरांना पीसीआयई ३.० च मिळते आणि पुढचा एम.२ सुद्धा त्याच वेगावर उतरतो. धागा नंतर वाचणाऱ्यांसाठी ही नोंद.

लोहमार्ग

बायोसकडे, म्हणजे बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरकडे, लक्ष वेधतो. २०२१ च्या सुरुवातीला ५०० मालिकेच्या चिपसेटवर यूएसबी उपकरणे मध्येच तुटून पुन्हा जोडली जाण्याची तक्रार बऱ्याच जणांना आली. एएमडीने ती मान्य केली आणि एजेसा (बायोसमधला एएमडीचा भाग) १.२.०.२ मधून दुरुस्ती दिली. पुढे २०२२ मध्ये विंडोज ११ वर एफटीपीएममुळे (प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या सोयीमुळे) काही क्षण सगळे अडखळण्याची अडचण उघड झाली आणि ती एजेसा १.२.०.७ मध्ये दूर झाली. तुमचा प्रोसेसर तर जानेवारी २०२४ मध्ये आलेला आहे. जुन्या बायोसचा बोर्ड त्याला ओळखणारच नाही आणि पडदा काळाच राहील.

सुदैवाने प्रोसेसर न बसवता पेन ड्राइव्हवरून बायोस भरण्याची सोय दोन्ही बोर्डांवर आहे. आसूसमध्ये तिला फ्लॅशबॅक म्हणतात, गिगाबाइटमध्ये क्यू-फ्लॅश प्लस. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा आणि तो बोर्डावर खूण केलेल्या ठराविक पोर्टमध्येच लावावा. प्रगतीचा दिवा लुकलुकत असताना वीज गेली तर काम पुन्हा करावे लागते, म्हणून यूपीएसवरच करावे.

रायझर केबलवर, म्हणजे कार्ड बोर्डापासून दूर बसवू देणाऱ्या वायरवर, ग्राफिक्स कार्ड उभे लावणार असाल तर वेगळे सांगेन. जुनी ३.० ची केबल ४.० च्या कार्डाबरोबर वापरली की पडदा काळा पडणे, मध्येच बंद पडणे असे प्रकार होतात आणि दोष बोर्डावर ढकलला जातो. बायोसमध्ये स्लॉट जनरेशन ३ वर बांधला की थांबतात.

मुळाकाठ

कार्ड थेट बोर्डावरच बसवणार आहे, रायझर नाही. बायोसविषयी आभार, हे ठाऊक नसते तर मी पहिल्याच दिवशी बोर्ड परत नेला असता.

पावसाळी

रत्नागिरीहून लिहिते आहे. दोन बोर्ड इतके सारखे असतील तर हमीची सोय जिथे जवळ आहे तो घ्यावा, असे माझे मत स्वानुभवातून बनले आहे. काही वर्षांपूर्वी माझा एक लहान बोर्ड (या दोघांपैकी नव्हे) हमीच्या मुदतीत बंद पडला. सेवा केंद्रावर पाठवल्यावर एका स्क्रूच्या छिद्राजवळ गंज आहे, म्हणजे हा वापरणाऱ्याकडून झालेला बिघाड आहे, असे सांगून तो परत करण्यात आला. समुद्राकाठच्या दमट, खारट हवेत धातूवर डाग येणे अटळ आहे, हे मी परोपरीने समजावले, परंतु उपयोग झाला नाही. त्या दिवसापासून मी बोर्ड खोक्यातून काढतानाच दोन्ही बाजूंचे, अनुक्रमांक दिसेल असे छायाचित्र घेते आणि पावसाळ्यात कॅबिनेट आठवडाभर बंद राहू देत नाही. चालू संगणकाच्या उबेने आत ओल धरत नाही.

बिलावर जीएसटी क्रमांक आणि बोर्डाचा अनुक्रमांक दोन्ही लिहून घ्यावेत. परदेशातून कुणी आणून देणार असेल तर ती हमी इथे चालेल का, हे आधी विचारावे.

आणखी एक. तुम्ही जुन्या बोर्डावरून प्रोसेसर काढणार आहात. एएम४ मध्ये १३३१ पिना प्रोसेसरलाच असतात आणि थर्मल पेस्ट वाळलेली असेल तर कूलर ओढताना प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. आधी संगणक अर्धा तास गेम लावून तापवावा, बंद करून वायर काढावी, आणि कूलर सरळ वर न ओढता हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा. वाकलेल्या पिनेची हमी कुणीच देत नाही.

मुळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या शनिवारी मुंबईला गेलो होतो, तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून गिगाबाइटचा बोर्ड घेऊन आलो. बिलावर अनुक्रमांक लिहून घेतला आणि पावसाळी यांच्या सांगण्याप्रमाणे दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवली.

लोहमार्ग यांनी सांगितले ते अक्षरशः खरे ठरले. बोर्डावरचा बायोस जुना निघाला. क्यू-फ्लॅश प्लससाठी फाइलचे नाव रोमन अक्षरांत ‘गिगाबाइट’ आणि पुढे ‘बिन’ असे बदलावे लागते. पहिल्या वेळी मी नाव तसेच ठेवल्यामुळे दिवा दोनदा लुकलुकून थांबला. नाव बदलल्यावर काही मिनिटांत काम झाले आणि नंतर प्रोसेसर पहिल्याच प्रयत्नात ओळखला गेला. रॅमचे एक्सएमपी (रॅमला तिचा छापील वेग लावणारी बायोसमधली सोय) चालू केल्यावर ३६०० वर स्थिर आहे.

बोर्डावर फॅनचे हेडर तीनच आहेत, एक प्रोसेसरचा आणि दोन कॅबिनेटचे. माझे कॅबिनेटचे फॅन चार आहेत, म्हणून खालचे दोन एका वायरवर आणि वरचे दोन दुसऱ्या वायरवर जोडले. दोन फॅनचा मिळून प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आतच राहतो, त्यामुळे हेडरवर ताण नाही. मागच्या एसएसडीला विदर्भवासी यांच्यासारखीच सपाट पट्टी लावली आहे. वाचलेल्या पैशांतून प्रोसेसरसाठी दुहेरी मनोऱ्याचा कूलर घेतला. त्याची उंची १५५ च्या आत असल्याची खात्री या वेळी दुकानातच, खोके उघडून आणि पट्टीने मोजून केली.

एक शंका अजून आहे. मागच्या एम.२ वर मोठा गेम उतरवताना आणि साटावरच्या जुन्या हार्ड डिस्कवरून त्याच वेळी प्रत काढताना वेग थोडा खाली येतो. हे अपेक्षित आहे का?

तांब्याची तार

अपेक्षित आहे, पण कारण बहुधा हार्ड डिस्क हेच असेल. मागचा एम.२, साटा आणि लॅन ही सगळी वाहतूक चिपसेटमधून प्रोसेसरपर्यंत पीसीआयई ३.० च्या चार लेनवरून जाते, म्हणजे एका दिशेने सेकंदाला साधारण ४ जीबी. एक हार्ड डिस्क आणि एक इंटरनेट जोडणी मिळून तो रस्ता भरत नाही. गेम मागच्या एम.२ ऐवजी पुढच्या एसएसडीवर उतरवून तीच कृती करून पाहा. वेग तेवढाच राहिला तर बोर्डाचा त्यात काही संबंध नाही. आसूस घेतला असता तरी ही रचना हीच असती.